संमतिपत्रावरची तिसरी चौकट : गोवर-रुबेला मोहिमेतील एका माध्यमिक शाळेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या अनुदानित माध्यमिक शाळेचे आहे. शाळा, गाव आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे दिलेली नाहीत व काही किरकोळ तपशील बदलले आहेत. मोहिमेविषयीची माहिती, तारखा आणि कायदेशीर बाबी मात्र जशा आहेत तशाच ठेवल्या आहेत.

केंद्र सरकारची गोवर-रुबेला लसीकरण मोहीम ५ फेब्रुवारी २०१७ रोजी तमिळनाडू, कर्नाटक, गोवा, लक्षद्वीप आणि पुदुच्चेरी येथून सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने इतर राज्यांत नेण्यात आली. महाराष्ट्रात ती २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. वय ९ महिने पूर्ण झालेल्या बाळापासून १५ वर्षांच्या आतील प्रत्येक मुलामुलीला, पूर्वी लस मिळालेली असो वा नसो, एक मात्रा द्यायची असे तिचे स्वरूप होते. गोवराने देशात २०१५ या एका वर्षात सुमारे ४९,००० मुले दगावली असा अंदाज त्या काळी दिला जात होता. रुबेला हा लहान मुलांत सौम्य आजार असला तरी गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत आईला तो झाल्यास बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण आणि हृदयाचे जन्मजात दोष होऊ शकतात. रुबेलाची लस तोवर सरकारी वेळापत्रकात नव्हती. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस) घेतलेल्या मुलांचा अपवाद सोडला, तर सरकारी दवाखान्यावर अवलंबून असलेल्या घरांतील जवळपास सर्व मुले रुबेलाच्या लसीपासून वंचित होती.

नऊ महिन्यांच्या बाळाला त्याची आई कडेवर घेऊन येते आणि तिथे संमतीचा प्रश्न आपोआप सुटलेला असतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला लस द्यायची म्हणजे ती शाळेत, आईवडिलांच्या माघारी द्यायची. मोहिमेचे पहिले आठवडे शाळांसाठी राखून ठेवण्यामागे हेच कारण होते, कारण एवढी मुले एका जागी दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. या प्रकरणातल्या सगळ्या अडचणीही त्याच सोयीतून निघाल्या.

शाळेत पाचवी ते दहावीचे वर्ग आहेत. निम्म्याच्या आसपास विद्यार्थी गावातले आहेत आणि उरलेले भोवतालच्या वाड्या-तांड्यांवरून एसटीने किंवा सायकलने येतात. त्यांतील बऱ्याच घरांतले कर्ते स्त्री-पुरुष दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतात. मोहीम नेमकी अशा वेळी सुरू झाली, जेव्हा या मुलांचे आईबाप कोणत्या तरी कारखान्याच्या फडात कोयता चालवत होते.

प्रश्न कसा उभा राहिला

शाळेतील सत्राची तारीख ठरल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी वर्गावर्गांत सूचनावही फिरवली आणि तोच मजकूर पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. मजकूर तीन वाक्यांचा होता. शाळेत गोवर-रुबेला लसीकरण आहे. सर्व विद्यार्थ्यांनी लस घेणे सक्तीचे आहे. लस न घेणाऱ्या विद्यार्थ्यास वर्गात बसू दिले जाणार नाही. यातील पहिले वाक्य आरोग्य विभागाच्या पत्रातून आले होते. दुसरे वाक्य त्या पत्रातील ‘एकही मूल वंचित राहू नये’ अशा आशयाच्या ओळीचा शाळेने लावलेला अर्थ होता. तिसऱ्या वाक्याला कोणत्याही पत्राचा आधार नव्हता. ते शेजारच्या एका शाळेच्या संदेशातून उचलले गेले होते.

मुख्याध्यापिकाबाईंवर त्या दिवसांत किती दडपण होते हे लक्षात घेतले पाहिजे. तालुक्याच्या बैठकीत दर शाळेची टक्केवारी वाचून दाखवली जाई आणि मागे पडलेल्या शाळेला कारण विचारले जाई. अशा वेळी ‘सक्ती’ हा शब्द लिहिणे सर्वांत सोपे असते. बाईंचा हेतू मुलांच्या भल्याचाच होता, याविषयी पुढे वाद घालणाऱ्या पालकांनाही शंका नव्हती.

संदेश गेल्यावर दोन दिवसांत तीन गोष्टी घडल्या. पाचवी-सहावीतील काही पालक थेट शाळेत आले. ग्रुपवर जुन्या चित्रफिती फिरू लागल्या. कुठल्या तरी दवाखान्यात रडणारी मुले, एका अनोळखी इसमाचे ‘ही लस परदेशात बंद झाली आहे’ असे निवेदन आणि मुलींना पुढे मूल होणार नाही असा दावा, असा तो ऐवज होता. आदल्या वर्षी तमिळनाडूतही अशाच संदेशांमुळे मोहिमेची गती मंदावली होती. तिसरी गोष्ट अधिक बोलकी होती. सत्राच्या आदल्या दिवशी आठवी-नववीच्या मुलींची हजेरी एकदम उतरली. कोणीही नकार दिला नव्हता, पण मुली घरी होत्या.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी हजेरीपट पाहून सत्र पुढे ढकलण्याची विनंती केली. हा प्रकरणातला पहिला खरा निर्णय. सत्र रेटून नेले असते तर आलेल्या मुलांना लस मिळाली असती, टक्केवारी बऱ्यापैकी दिसली असती, आणि न आलेल्या मुलींचा प्रश्न कागदावर ‘गैरहजर’ या एका शब्दात मिटला असता. मॅडमनी तालुक्याला कळवून आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि पालकसभा बोलवायला सांगितले.

पालकांचे म्हणणे

सभेला अपेक्षेपेक्षा जास्त पालक आले आणि त्यात बायकांची संख्या मोठी होती. सभेचे इतिवृत्त वाचताना आणि उपस्थितांशी बोलताना एक गोष्ट स्पष्ट होते. बाहेरून जो एकसंध विरोध वाटत होता, तो प्रत्यक्षात निरनिराळ्या मतांचा जमाव होता आणि त्यांतल्या फार थोड्यांचे लसीशी भांडण होते.

एका किराणा दुकानदार वडिलांचे बोलणे इतिवृत्तात जवळपास शब्दशः नोंदलेले आहे. “मॅडम, लस वाईट आहे असं आम्ही म्हणतच नाही. पोलिओचे डोस आम्ही रांगा लावून पाजले. पण माझ्या पोरीला सुई टोचायची, तर मला एका शब्दानं विचारायचं का नाही?” त्यांना दुजोरा देणाऱ्यांत असे पालक होते की ज्यांच्या मुलांची बाळपणीची सर्व लसीकरणे वेळेवर झालेली होती.

दुसरा गट सुशिक्षित, नोकरदार पालकांचा. त्यांच्या मुलांना एमएमआरच्या दोन मात्रा मिळाल्या होत्या आणि त्यांचा प्रश्न रास्त होता: आता तिसरी कशाला? गावातल्या एका खासगी डॉक्टरने त्यांना गरज नसल्याचे सांगितले होते. मॅडमनी हा प्रश्न टाळला नाही. ज्या मुलात प्रतिकारशक्ती आधीच आहे त्याला जादा मात्रेने अपाय होत नाही, त्याच्या शरीरात लसीतील विषाणू वाढू शकत नाही, हे त्यांनी सांगितले. नवव्या महिन्यातली एकच मात्रा साधारण ८५ टक्के मुलांनाच गोवरापासून वाचवते आणि उरलेली कोण हे बाहेरून कळत नाही, म्हणून मोहिमेत कार्डे तपासत बसत नाहीत, हेही सांगितले. मग त्यांनी एक वाक्य जोडले, ज्याचा परिणाम पुढे दिसला: “तुमच्या मुलाला वैयक्तिक फायदा कमी आहे हे मी मान्य करते. वर्गातल्या ज्या मुलाला एकही मात्रा मिळालेली नाही, त्याच्यासाठी मी तुमच्या मुलाला मागते आहे.” गोवरासारख्या झपाट्याने पसरणाऱ्या रोगाची साखळी तोडायला ९५ टक्क्यांच्या आसपास मुले सुरक्षित असावी लागतात, हा आकडा त्यानंतर आला आणि म्हणूनच तो ऐकला गेला.

वांझपणाच्या अफवेवर उघड कोणी बोलेना. शेवटी एका आजीने उभे राहून विचारले. मॅडमनी उत्तर दिले, लस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते हे सांगितले, आणि रुबेलाची लस तर होणाऱ्या बाळाच्या रक्षणासाठीच आहे हे समजावले. आजीचा दुसरा प्रश्न मात्र उत्तराच्या पलीकडचा होता. “पोरीच्या मायला फोन लागंना. ती तिकडं फडावर. मी कशी सही करू? उद्या काही झालं तर ती मलाच विचारील.”

याउलट बाजूही सभेत होती, आणि तिची दखल सहसा घेतली जात नाही. एका आईने सक्तीचे समर्थन केले. तिच्या बहिणीचे मूल जन्मतः ऐकू न येणारे होते. बहिणीला गरोदरपणी अंगावर पुरळ आले होते आणि कोणी लक्ष दिले नव्हते. त्या मुलाचे कारण रुबेलाच होते असे म्हणता येत नाही, कारण तपासणी कधी झालीच नव्हती. तरी तिचा मुद्दा स्वच्छ होता: ज्यांना भीती वाटते त्यांना विचारत बसाल तर माझ्या मुलीला धोका राहील, त्याचे काय? सक्ती हवी असणारा पालक हा हुकूमशाही वृत्तीचा असतो असे समजण्याचे कारण नाही. त्यालाही आपल्याच मुलाची काळजी असते.

समोर असलेले पर्याय

सभेनंतर मुख्याध्यापिका, वैद्यकीय अधिकारी, शाळा समितीचे दोन सदस्य, पालक-शिक्षक संघाच्या प्रतिनिधी आणि गावातील आशा सेविका एकत्र बसले.

सक्ती कायम ठेवण्याचा पर्याय पहिल्याच दहा मिनिटांत बाद झाला. शाळेत बसणे हा मुलाचा हक्क आहे आणि लस न घेतल्यावरून मुलाला वर्गाबाहेर ठेवण्याची मुभा देणारा नियम शाळेजवळ नव्हता. याशिवाय हजेरीपटाने उत्तर दिलेलेच होते.

प्रत्येक पालकाची लेखी संमती असल्याशिवाय लस द्यायची नाही, हा दुसरा पर्याय तत्त्वाने सर्वांत सरळ. आशा सेविकेने त्याची दुसरी बाजू दाखवली. कोऱ्या राहणाऱ्या चिठ्ठ्या कोणाच्या असतील? ज्यांचे आईबाप तोडीला गेले आहेत त्यांच्या, म्हणजे ज्या मुलांच्या बाळपणीच्या मात्राही हंगामामुळे चुकल्या असण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्यांच्याच. तिच्या नोंदवहीत अशा मुलांची नावे होती.

तिसरा पर्याय याच्या उलट होता. माहितीपत्रक घरी पाठवायचे, आणि ज्याला नको असेल त्याने लेखी नकार द्यायचा. उत्तर आले नाही तर होकार धरायचा. तालुक्यातील काही शाळांनी हेच केले होते आणि त्यांची टक्केवारी चांगली होती. समितीतील एक सदस्य याच बाजूचे होते. मॅडमनी मात्र हरकत घेतली, कारण पत्रक दप्तरात चुरगळून पडलेले असणे आणि पालकाने होकार देणे या दोन गोष्टी एक नाहीत.

मग हंगामी वसतिगृहातील मुलांसाठी तेथील अधीक्षकांची सही घ्यावी अशी सूचना आली. कागदाच्या दृष्टीने ती सोयीची होती. मॅडमनी इथे खम्मम प्रकरणाची आठवण दिली. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदरा येथे १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचावाची लस) देण्याचा प्रायोगिक प्रकल्प झाला होता. त्यात अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. मृत्यूंचा लसीशी संबंध असण्याची शक्यता चौकशीत फेटाळली गेली, पण संमती घेण्याची पद्धत दोषी ठरली आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात तिच्यावर कडक ताशेरे ओढले. त्या लसीविषयीचा संशय देशात पुढे कित्येक वर्षे टिकला. लस निर्दोष असूनही सही चुकीच्या माणसाची असेल तर किती नुकसान होते, याचे याहून ठळक उदाहरण आपल्याकडे नाही. अधीक्षकांच्या सहीचा पर्याय तिथेच सोडून देण्यात आला, आणि माझ्या मते हा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणा निर्णय होता.

शाळेत लस द्यायचीच नाही, पालकांनी मुलांना आरोग्य केंद्रात न्यावे, असाही एक पर्याय मांडला गेला. पण रोजंदारी बुडवून कोण येणार, या प्रश्नापुढे तो टिकला नाही.

काय ठरले आणि काय केले

‘सक्ती’चा संदेश मागे घेण्यात आला. नवा मजकूर मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः लिहिला, आणि आधीचे शेवटचे वाक्य शाळेचे धोरण नाही, कोणत्याही मुलाला वर्गाबाहेर ठेवले जाणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले. नुसता नवा संदेश टाकून जुन्याबद्दल मौन पाळणे सोपे होते. तसे न करण्याचा फायदा असा झाला की पुढचे पत्रक लोकांनी वाचले.

चिठ्ठीवर तीन चौकटी होत्या. लस द्यावी, लस देऊ नये, मला आधी डॉक्टरांशी बोलायचे आहे. तिसरी चौकट पालक-शिक्षक संघाच्या प्रतिनिधी ताईंनी सुचवली. त्यांचे म्हणणे असे होते की ज्याचे मत अजून बनलेले नाही, त्याला होय किंवा नाही यांतले एक निवडायला लावले तर तो ‘नाही’ लिहील, आणि एकदा लिहून दिलेले माणूस सहसा फिरवत नाही. पत्रकात लसीनंतर येऊ शकणारा ताप, टोचल्या जागी दुखणे, क्वचित पुरळ, आणि अत्यंत क्वचित होणारी तीव्र अॅलर्जी, हे सर्व लिहिले होते. याने लोक घाबरतील असे समितीतल्या एकांना वाटत होते. मॅडम ठाम राहिल्या.

ज्या चिठ्ठ्या परत आल्या नाहीत, त्या घरी वर्गशिक्षकांनी फोन करायचा. फडावरच्या आईबापांना गाठण्यासाठी मुकादमांचे नंबर आशा सेविकांनी मिळवून दिले. फोन संध्याकाळी, गाड्या खाली झाल्यावर लावायचे, कारण दिवसा कोणी उचलत नाही. फोनवर मिळालेला होकार तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाते यांसह नोंदवायचा आणि ऐकायला दुसरा शिक्षक शेजारी असायचा. ज्यांच्याशी संपर्कच होणार नाही त्यांना पहिल्या सत्रात लस द्यायची नाही, आणि नाव दुसऱ्या फेरीसाठी राखायचे. नकार देणाऱ्यांची नावे वर्गात वाचायची नाहीत, हेही लिहून ठरवले गेले. ही बाब लहान वाटते, पण चौदा वर्षांच्या मुलासाठी ती सर्वांत मोठी असते.

गुरुवारचे सत्र

नवी तारीख गुरुवारची आली आणि महिना मार्गशीर्षाचा होता. हे दोन्ही एकत्र कोणाच्याच ध्यानात आले नाही. आईबरोबर किंवा आईच्या माघारी घरचा नेम म्हणून, नववीच्या अनेक मुलींना उपवास होता. आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत पोषण आहाराची खिचडी मिळते आणि त्या दिवशी ती लसीआधी दिली गेली. नववीला पोषण आहार नाही. मुली सकाळपासून चहावर होत्या आणि त्यांचा नंबर शेवटी, दुपारी साडेबारानंतर लागला.

लस एका वर्गखोलीत दिली जात होती आणि रांग तिच्या उघड्या दारातून व्हरांड्यात पसरली होती. पुढच्या मुलीचा दंड, सुई, आरोग्य सेविकेने डाव्या अंगठ्याच्या नखावर पेनने केलेली खूण, हे सगळे मागच्यांना दिसत होते. एक मुलगी सुई टोचून घेऊन दारापर्यंत आली आणि खाली बसली. दुसरी तिला धरायला वाकली आणि तीही बसली. मग रांगेत उभ्या असलेल्या, अजून लस न घेतलेल्या दोघींना भोवळ आली. पंधरा मिनिटांत पाच-सहा मुली आडव्या होत्या आणि फाटकावर पालक जमले होते.

मॅडमनी प्रत्येकीची नाडी स्वतः पाहिली. नाडी मंद, त्वचा थंड आणि घामेजलेली, अंगावर गांधी नाहीत, श्वासाला त्रास नाही, आणि आडवे करून पाय उंचावल्यावर एक-दोन मिनिटांत शुद्ध. ही भीतीने आलेली भोवळ होती. तीव्र अॅलर्जीत नाडी जलद व क्षीण असते, गांधी उठतात, घरघर लागते आणि आडवे केल्याने आराम पडत नाही. अॅड्रेनॅलिनची पेटी हाताशी होती, पण ती उघडावी लागली नाही. किशोरवयीन मुलांच्या सामूहिक लसीकरणात अशी भोवळ हा ओळखीचा प्रकार आहे आणि तो एकीला पाहून दुसरीला होतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले माहीत आहे. फाटकावरच्या बापाला ते माहीत असण्याचे कारण नाही.

इथे निर्णय कठीण होता. लसीची कुपी द्रावक मिसळल्यावर चार तासांच्या आत वापरावी लागते आणि उघडलेल्या कुपीत मात्रा शिल्लक होत्या. सत्र थांबवले तर अफवेला पुरावा मिळाल्यासारखे होईल, असे आरोग्य सहायकांचे मत पडले. मॅडमनी उरलेल्या मात्रा वाया जाऊ दिल्या आणि नववीचे सत्र त्या दिवसापुरते बंद केले. त्यानंतर त्यांनी फाटक उघडायला लावून पालकांना आत घेतले आणि मुलींजवळ बसवले. मुली बिस्किटे आणि लिंबूसरबत घेत होत्या. उपवास मोडला म्हणून एक मुलगी रडत होती, आणि तिची समजूत तिच्या आजीने घातली. गावातल्या एका चॅनेलवाल्याला चित्रीकरण करू दिले गेले नाही, पण मॅडमनी बाहेर येऊन काय झाले ते पूर्ण सांगितले. त्यात अजून लस न घेतलेल्या दोघींनाही भोवळ आली ही गोष्ट होती, आणि गावात नंतर तीच सर्वाधिक सांगितली गेली.

पुढच्या आठवड्यात नववीचे सत्र पुन्हा झाले. या वेळी वार मंगळवार होता, मुली जेवून आल्या होत्या, पाच-पाच जणींना आत घेतले जात होते, दाराला पडदा होता, बाहेर पडायचा रस्ता वेगळा होता आणि अर्धा तास बसायला सतरंजी होती. एकीलाही भोवळ आली नाही.

निष्पत्ती

तिसऱ्या चौकटीत खूण केलेल्या पालकांपैकी बहुतेकांनी मॅडमशी किंवा आशा सेविकेशी बोलल्यावर होकार दिला. स्पष्ट नकार देणारी घरे मोजकी राहिली. त्यांत एमएमआर झालेल्या मुलांची काही होती, आणि दोन घरांनी कारण सांगितले नाही. ते विचारलेही गेले नाही. फडावरच्या बहुसंख्य आईबापांशी फोनवर बोलणे झाले. काही मुले मात्र दोन्ही फेऱ्यांत राहून गेली, कारण त्यांच्या आईबापांना गाठता आले नाही. शाळेची टक्केवारी तालुक्यात सर्वांत वर नव्हती.

त्यानंतर महिन्याभरात, जानेवारी २०१९ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील शाळांतील याच मोहिमेविषयी निकाल देताना पालकांच्या संमतीशिवाय मुलांना लस देता येणार नाही आणि दुष्परिणामांची माहितीही द्यावी लागेल, असे सांगितले. माहिती दिली तर पालक बिचकतील हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविड लसीच्या संदर्भात, कोणालाही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकते, असा तोल साधला. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराचा उद्रेक होऊन बालके दगावली. सभेत सक्तीची बाजू घेणाऱ्या त्या आईचा मुद्दा किती खरा होता, हे या उद्रेकाने दाखवले.

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

पहिला संदेश वेगळा असता तर सत्र पुढे ढकलावे लागले नसते, हे उघड आहे. त्याहून खोल प्रश्न वेगळा आहे. या साऱ्या खटाटोपात पालकांचे मत विचारले गेले, नोंदले गेले, त्यासाठी चौकटी आखल्या गेल्या. ज्यांच्या दंडावर सुई टोचायची होती त्या मुलामुलींना मात्र कोणी काही विचारले नाही. सभा पालकांची होती, पत्रक पालकांसाठी होते. मुलींना रुबेला म्हणजे काय, हे रांगेत उभे राहीपर्यंत कोणी सांगितले नव्हते. वांझपणाची अफवा त्यांच्या मोबाइलवर पोहोचली होती आणि पाळी नुकतीच सुरू झालेल्या वयात तिचा अर्थ त्यांनी आपापल्या परीने लावला होता. नववीतल्या एका मुलीने नंतर तिच्या बाईंना सांगितले की त्या गुरुवारी रांगेत सगळ्या जणी तेच कुजबुजत होत्या. भोवळ उपवासाने आली हे खरे, पण एकट्या उपवासाने नाही.

कायद्याच्या दृष्टीने अल्पवयीन मुलाची संमती पुरेशी धरली जात नाही आणि व्यवहारात पालकाची सहीच चालते. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ९० मध्येसुद्धा बारा वर्षांखालील मुलाची संमती ही संमती नव्हे, इतकेच म्हटले होते. बारा ते अठरा या वयाविषयी वैद्यकीय व्यवहारात धूसरपणाच आहे. परंतु सही कोणाची चालते आणि कोणाशी बोलायचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सत्राच्या आधी प्रत्येक वर्गात आरोग्य सेविकेचा एक तास, मुलींसाठी वेगळी बैठक आणि नाव न लिहिता प्रश्न टाकायला एक पेटी, एवढे केले असते तर अफवेला उत्तर रांगेत पोहोचण्याआधी मिळाले असते. चौदा वर्षांची मुलगी घरी जाऊन आईला काय सांगते, त्यावर आईचे मत पुष्कळदा ठरते. शाळेने हा मार्ग वापरलाच नाही.

दुसरी जागा वेळापत्रकाची. तारीख ठरवताना स्थानिक उपवास, बाजाराचा दिवस, परीक्षा आणि पोषण आहार कोणत्या वर्गापर्यंत आहे, हे आशा सेविकेला आणि वर्गशिक्षिकांना विचारायला हवे होते. मार्गशीर्षातला गुरुवार त्या खोलीत बसलेल्या कोणत्याही बाईने लगेच ओळखला असता. तारीख तालुक्याच्या वाहन-नियोजनाच्या तक्त्यावरून आली होती.

तिसरी जागा अजून उघडी आहे. ज्या मुलांचे पालक शेवटपर्यंत सापडले नाहीत, त्यांना लस न देण्याचा नियम योग्य होता का? मॅडमचे आजही मत आहे की होता. आशा सेविकेचे मत उलट आहे: आजीने तोंडी होकार दिला होता, मूल तिच्याजवळ राहते, आजारी पडल्यावर दवाखान्यात तीच नेते, मग लसीपुरती तिची गणना का नाही? मला आशा सेविकेचे म्हणणे अधिक पटते. मूल प्रत्यक्ष ज्याच्या सांभाळात आहे त्या नातेवाइकाचा, माहिती देऊन घेतलेला होकार, आणि पालकांशी संपर्क साधण्याच्या प्रयत्नांची लेखी नोंद, एवढ्यावर त्या मुलांना दुसऱ्या फेरीत लस देता आली असती. वसतिगृहाच्या अधीक्षकाची सही आणि आजीचा होकार एकाच तागडीत तोलणे बरोबर नव्हते.

शाळेत आता पाचवी आणि दहावीच्या मुलांना टीडीची (धनुर्वात-घटसर्प लसीची) मात्रा देताना तीच तीन चौकटींची चिठ्ठी वापरतात. ती दिवाळीच्या सुट्टीआधी, म्हणजे तोडीच्या टोळ्या गाव सोडण्यापूर्वी घरी जाते, आणि तिच्या खालच्या बाजूला मुलाने स्वतः लिहायची एक ओळ वाढवली आहे: ‘मला विचारायचे आहे की…’